राजापूर (शहर)

राजापूर हे महाराष्ट्राच्या रत्नागिरी जिल्ह्यातील एक जुने शहर असून ते राजापूर तालुक्याचे मुख्यालय आहे. अर्जुना व कोदवली या नद्यांच्या संगमाजवळ, समुद्रापासून सुमारे २५ किलोमीटर आत, खाडीच्या शिरोभागी ते वसले आहे. सतराव्या शतकात राजापूर हे विजापूरच्या आदिलशाहीचे एक महत्त्वाचे बंदर होते. तेथे इंग्रज व फ्रेंच व्यापाऱ्यांच्या वखारी होत्या. पुढे खाडी गाळाने भरत गेली, व्यापाराचे मार्ग बदलले आणि बंदर मागे पडले. एकोणिसाव्या शतकापासून शहरातून व आसपासच्या खेड्यांतून मुंबईकडे होणारे स्थलांतर हे या भागाच्या समाजजीवनाचे मुख्य लक्षण बनले. दर काही वर्षांनी अवतरणारी ‘राजापूरची गंगा’, खाडीकाठचे जुने बाजार आणि तालुक्यातील कातळशिल्पे यांमुळेही राजापूर परिचित आहे.

भौगोलिक स्थान

राजापूर सह्याद्री व अरबी समुद्र यांच्या दरम्यानच्या डोंगराळ पट्ट्यात आहे. पूर्वेस अणस्कुरा घाटातून कोल्हापूरकडे जाणारा मार्ग असून पश्चिमेस जैतापूरजवळ खाडी समुद्रास मिळते. खाडीच्या मुखाशी नाटे येथे यशवंतगड हा किल्ला आहे. भरतीचे पाणी जिथवर पोहोचते आणि घाटावरचा माल जिथवर बैलांच्या पाठीवरून सहज उतरतो, अशा नेमक्या ठिकाणी हे गाव आहे. त्याच्या उत्कर्षाचे कारण या स्थानात आहे आणि अवनतीचेही बीज त्यातच आहे.

शहराभोवती जांभ्या दगडाचे विस्तीर्ण माळ आहेत. कोकणात त्यांना ‘सडा’ म्हणतात. पावसाचे प्रमाण मोठे असले तरी जांभा पाणी धरून ठेवत नाही. त्यामुळे पावसाळ्यात पूर आणि उन्हाळ्यात पाणीटंचाई असे दोन्ही अनुभव या भागास दरवर्षी येतात. भात व नाचणी ही पारंपरिक पिके असून आंबा व काजू यांच्या बागांचे क्षेत्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वाढले.

इतिहास

प्राचीन व मध्ययुगीन काळ

दक्षिण कोकणावर व घाटमाथ्यावर शिलाहार घराण्याच्या शाखा राज्य करीत होत्या. राजापूर तालुक्यातील कशेळी येथे शिलाहार राजा दुसरा भोज याचा शके १११३ म्हणजे इ.स. ११९१ चा ताम्रपट मिळाला असून कशेळीचे कनकादित्य मंदिर प्रसिद्ध आहे. ब्रिटिशकालीन गॅझेटियरनुसार चौदाव्या शतकाच्या आरंभी, मुसलमानी अंमल सुरू झाला तेव्हा, राजापूर हे एका परगण्याचे मुख्य ठाणे होते. पुढे बहमनी व त्यानंतर आदिलशाही राजवटीत अरबस्तान व इराणी आखाताशी चालणाऱ्या व्यापारामुळे बंदराचे महत्त्व वाढले. कोकणी मुसलमान, सारस्वत व इतर व्यापारी कुटुंबे येथे स्थायिक झाली.

युरोपीय वखारी

सतराव्या शतकाच्या मध्यास, १६४९ च्या सुमारास, इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीने राजापुरात वखार घातली. घाटावरून येणारे मिरी, वेलदोडे व सुती कापड येथून जहाजांवर चढत असे. त्याच शतकात फ्रेंचांनीही येथे वखार काढली. इंग्रजांच्या वखारीची भक्कम दगडी इमारत व खाडीपर्यंत उतरणारे तिचे आवार नंतरही दीर्घकाळ टिकून होते. ब्रिटिश राजवटीत ती वास्तू सरकारी कचेरी म्हणून वापरात होती.

शिवकाल

१६६० मध्ये सिद्दी जौहरने पन्हाळ्यास वेढा घातला असता राजापूरच्या इंग्रजांनी त्यास तोफा व दारूगोळ्याची मदत केली. वेढ्यात तोफा डागताना त्यांनी आपले निशाणही फडकविले होते. व्यापारी म्हणून राहणाऱ्यांनी युद्धात भाग घेतल्याचा जाब म्हणून शिवाजी महाराजांनी १६६१ मध्ये राजापूरवर स्वारी केली. वखार लुटण्यात आली आणि वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन याच्यासह काही इंग्रज कैद झाले. कैद्यांपैकी उरलेल्यांची सुटका १६६३ मध्ये झाली. वखारीच्या नुकसानभरपाईचा प्रश्न मराठे व इंग्रज यांच्या वाटाघाटींत पुढे अनेक वर्षे गाजत राहिला. १६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी हेन्री ऑक्झेंडनच्या वकिलातीने जो तह केला, त्यात या भरपाईचा समावेश होता.

आंग्रे, पेशवे व ब्रिटिश

१७१३ मध्ये राजापूर कान्होजी आंग्रे यांच्या ताब्यात आले. १७५६ मध्ये तुळाजी आंग्रे यांच्या पाडावानंतर ते पेशव्यांकडे गेले. १८१८ मध्ये पेशवाई संपल्यावर ते ब्रिटिशांच्या अमलाखाली आले. येथील नगरपालिकेची स्थापना १८७६ मध्ये झाली. लहान गावाच्या मानाने ही स्थापना बरीच लवकर झाली, यावरून त्या वेळी या पेठेस असलेले महत्त्व दिसून येते.

बंदराचा ऱ्हास

राजापूर बंदराच्या ऱ्हासास कोणतीही एक लढाई वा एखादे संकट कारणीभूत नाही. ही प्रक्रिया दीर्घकाळ चालली आणि तिची कारणे पुढीलप्रमाणे सांगता येतात.

पहिले कारण गाळाचे. सह्याद्रीच्या उतारांवरील जंगल कमी होत गेल्याने पावसाबरोबर वाहून येणारी माती नद्यांच्या पात्रांत व खाडीत साचू लागली. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या ‘इंपीरियल गॅझेटियर’मध्ये दोन गोष्टींची एकत्र नोंद आहे. जिल्ह्यात अरबी गलबतांचा थेट व्यापार तेवढा राजापूरशी चालू होता, परंतु मोठी जहाजे जुन्या दगडी धक्क्यापासून तीन मैलांच्या आत येऊ शकत नव्हती.

दुसरे कारण मुंबईच्या वाढीचे. एकोणिसाव्या शतकात पश्चिम किनाऱ्याचा परदेशी व्यापार मुंबई बंदरात एकवटला. रेल्वे बोरघाटातून दख्खनमध्ये गेली आणि घाटावरच्या मालास कोकणातील लहान बंदरांकडे उतरण्याचे कारण उरले नाही.

तिसरे कारण आगबोटींचे. मुंबई ते गोवा या किनाऱ्यावर धावणाऱ्या आगबोटींना खाडीत शिरता येत नसल्याने राजापूरची चढउतार खाडीच्या मुखाशी जैतापूर व मुसाकाजी येथे होऊ लागली. प्रवासी पडावातून किंवा पायी तेथवर जात. अशा रीतीने बंदर समुद्राच्या बाजूस सरकले आणि शहराकडे तालुक्याची बाजारपेठ व कचेऱ्या एवढेच राहिले. पुढे रस्ते झाल्यावर आगबोटीही बंद पडल्या.

शहराची रचना

वर उल्लेखिलेल्या गॅझेटियरने राजापूरचे वर्णन कोकणातील सर्वांत जुनाट दिसणारे व सर्वांत चांगले टिकून राहिलेले शहर असे केले आहे. चढउताराच्या अरुंद गल्ल्या, फरसबंदी केलेल्या व वरून छप्पर घातलेल्या पेठा ही त्याची वैशिष्ट्ये नोंदविलेली आहेत. जुन्या घरांत पुढे दुकान, मागे वखार वा माजघर आणि वरच्या मजल्यावर वस्ती अशी मांडणी आढळते.

बाजारपेठ नदीकाठच्या सखल भागात असल्याने अर्जुना व कोदवली यांना पूर आला की ती पाण्याखाली जाते. जवाहर चौकात पाणी शिरणे ही पावसाळ्यातील नेहमीची घटना आहे. जो गाळ बंदराच्या नाशास कारण झाला, त्यानेच पात्र उथळ होऊन पुराचे पाणी पेठेत शिरते. दर पावसाळ्यात माल वरच्या मजल्यावर हलविण्याचा खर्च व धोका व्यापाऱ्यांना पत्करावा लागतो. त्यामुळे नवी दुकाने व वस्ती महामार्गाच्या बाजूस, उंच भागात वाढू लागली आहे. शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी कोदवली नदीवर ब्रिटिश काळात बांधलेला बंधारा ‘सायबाचे धरण’ म्हणून ओळखला जातो.

स्थलांतर

व्यापार मंदावल्यावर या भागास शेतीवर अवलंबून राहावे लागले. परंतु शेती पुरेशी नव्हती. शेतजमिनीचे तुकडे लहान होते आणि डोंगरउताराच्या वरकस जमिनीत उत्पन्न थोडे येई. त्यात खोती पद्धतीमुळे कुळांना पिकाचा मोठा वाटा खोतास द्यावा लागे. खोती रद्द व्हावी यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले. प्रत्यक्षात ती पद्धत १९४९ च्या कायद्याने संपुष्टात आली. तोवर कुणबी, मराठा, भंडारी, बौद्ध व इतर समाजांतील किमान एक पुरुष मुंबईस पाठविणे ही बहुसंख्य कुटुंबांची रीत झाली होती.

मुंबईच्या कापडगिरण्या, गोदी, पोलीस दल व घरकाम यांत रत्नागिरी जिल्ह्यातील माणसे मोठ्या संख्येने होती. एका गावचे लोक एकाच खोलीत भाड्याने राहत आणि गावाच्या नावाने ग्रामस्थ मंडळ चालवीत. मंदिराचा जीर्णोद्धार, शाळेची इमारत, रस्ता यांसाठीची वर्गणी या मंडळांतूनच येत असे. कोकणी मुसलमान कुटुंबांतील पुरुष जहाजांवर, आफ्रिकेत आणि नंतर आखाती देशांत गेले. दर महिन्यास येणाऱ्या पैशांवर घरे चालत असल्याने या व्यवस्थेस ‘मनीऑर्डरची अर्थव्यवस्था’ असे नाव पडले. मुंबईस नोकरी करणाऱ्यास गावी ‘चाकरमानी’ म्हणतात.

या काळापर्यंत स्थलांतर एकट्या पुरुषाचे होते. बायको, आईवडील व मुले गावी राहत. शेती त्याच करीत. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर हे चित्र बदलले. अनेक कामगारांची नोकरी कायमची गेली. काही गावी परतले. परंतु पुढच्या पिढीने शिक्षण घेऊन मुंबई, ठाणे, वसई-विरार, नवी मुंबई व पुणे येथे कुटुंबासह बिऱ्हाड केले. पैसे पाठविणारा पूर्वीचा चाकरमानी गावाशी बांधलेला होता. कुटुंबासह गेलेल्या पिढीचे गावाशी असलेले नाते सणापुरते व जमिनीच्या उताऱ्यापुरते राहिले.

लोकसंख्या

१९०१ च्या जनगणनेत राजापूर शहराची लोकसंख्या सुमारे ५,२०० होती. २०११ मध्ये ती दहा हजारांच्या आत होती. म्हणजे देशातील बहुतेक शहरे अनेक पटींनी वाढली त्या शतकात राजापूर जेमतेम दुपटीपर्यंत पोहोचले.

जिल्ह्याची आकडेवारी अधिक बोलकी आहे. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये १६,९६,७७७ होती. २०११ मध्ये ती १६,१५,०६९ झाली. महाराष्ट्राची लोकसंख्या त्या दशकात सुमारे १६ टक्क्यांनी वाढत असताना रत्नागिरीची ४.८ टक्क्यांनी घटली. शेजारच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातही घट झाली. २०११ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. हे प्रमाण सामान्यतः समाधानकारक मानले जाईल. येथे मात्र ते मुख्यतः कर्त्या वयाचे पुरुष बाहेर असल्याचे द्योतक आहे.

सामाजिक स्थिती

राजापूर व परिसराच्या आजच्या स्थितीस केवळ गरिबी म्हणता येत नाही. साक्षरता चांगली आहे, पक्की घरे वाढली आहेत आणि अनेक कुटुंबांची मिळकत पूर्वीपेक्षा अधिक आहे. ऱ्हास झाला आहे तो वर्षभर एकत्र नांदणाऱ्या वस्तीचा. त्याची ठळक लक्षणे पुढीलप्रमाणे आहेत.

बंद घरे : खेड्यांतील अनेक घरे गणेशोत्सव, शिमगा व मे महिना वगळता कुलूपबंद असतात. काही घरांत फक्त वृद्ध राहतात. आजारपणात वृद्धांना मुंबईस नेणे किंवा शेजाऱ्यांवर सोपविणे हेच पर्याय उरतात. मोठ्या उपचारांसाठी रत्नागिरी किंवा कोल्हापूर गाठावे लागते.

शाळा : मुलांची संख्या घटल्याने जिल्हा परिषदेच्या वाडीवस्तीवरील प्राथमिक शाळांचे पट खालावले आहेत. एक-दोन शिक्षकांवर चालणाऱ्या आणि बोटांवर मोजण्याइतके विद्यार्थी असलेल्या शाळा हे कोकणात सर्रास आढळणारे दृश्य आहे. शाळा बंद झाली की लहान मुले असलेले उरलेसुरले कुटुंबही तालुक्याच्या गावी किंवा मुंबईस जाते आणि वाडी आणखी रिकामी होते.

शेती : कुळकायद्याने जमीन कसणाऱ्यास मिळाली, परंतु वाटण्या न झाल्याने एका सातबारा उताऱ्यावर अनेक वारसांची नावे चढत गेली. त्यांपैकी बहुतेक गावी नसल्याने जमीन विकणे, विकसित करणे वा तिच्यावर कर्ज घेणे कठीण होते. भातखाचरे पडीक राहतात. माकडे व रानडुकरे यांच्या उपद्रवाने उरलेली शेतीही परवडेनाशी होते. आंबाबागांच्या राखणीसाठी व इतर कामांसाठी जिल्ह्यात नेपाळी मजूर येतात.

विवाह : गावी राहून शेती वा लहान धंदा करणाऱ्या तरुणांस विवाह जुळविताना अडचणी येतात. मुंबई-पुण्यात घर वा नोकरी ही स्थळाची पहिली अट ठरली आहे. परिणामी गावी राहू इच्छिणाऱ्यासही बाहेर पडण्याचा दबाव असतो.

ग्रामसंस्था : शिमग्याची पालखी, ग्रामदेवतेचा उत्सव, गावऱ्हाटीतील मानपान या परंपरा टिकून आहेत, किंबहुना चाकरमान्यांच्या वर्गणीमुळे उत्सव पूर्वीपेक्षा थाटाचे झाले आहेत. मात्र पालखी खांद्यावर घेण्यास लागणारी माणसे बाहेरगावाहून येईपर्यंत थांबावे लागते. एकमेकांच्या शेतात लावणीस जाण्याची, घर शाकारण्यास वाडीने जमण्याची रीत जवळजवळ संपली आहे.

वाहतूक व राजकीय प्रतिनिधित्व

मुंबई-गोवा राष्ट्रीय महामार्ग राजापूरवरून जातो. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे पूर्ण लांबीने सुरू झाली. ‘राजापूर रोड’ हे स्थानक शहरापासून बऱ्याच अंतरावर असल्याने शहराच्या बाजारपेठेस रेल्वेचा थेट लाभ मर्यादित राहिला. रेल्वे व महामार्ग यांनी गावी येणे सुकर केले तसेच गाव सोडणेही सुकर केले.

राजापूर हे नाव एके काळी राष्ट्रीय राजकारणात परिचित होते. राजापूर लोकसभा मतदारसंघातून बॅ. नाथ पै १९५७, १९६२ व १९६७ मध्ये निवडून आले. त्यांच्या निधनानंतर प्रा. मधू दंडवते यांनी १९७१ पासून सलग पाच निवडणुका जिंकल्या. १९७७ ते १९७९ या काळात ते केंद्रीय रेल्वेमंत्री होते आणि कोकण रेल्वेच्या मागणीचा त्यांनी सातत्याने पाठपुरावा केला. १९९६ ते २००९ या काळात सुरेश प्रभू यांनी या मतदारसंघाचे प्रतिनिधित्व केले. पुढे तेही रेल्वेमंत्री झाले. मतदारसंघांच्या पुनर्रचनेनंतर २००९ पासून ‘रत्नागिरी-सिंधुदुर्ग’ मतदारसंघ अस्तित्वात आला व राजापूर हे नाव लोकसभेच्या यादीतून गेले. विधानसभेचा राजापूर मतदारसंघ कायम आहे.

मोठे प्रकल्प व वाद

एकविसाव्या शतकात तालुक्यात दोन मोठ्या प्रकल्पांचे प्रस्ताव आले. जैतापूरजवळ माडबन परिसरात एकूण ९,९०० मेगावॅट क्षमतेच्या सहा अणुभट्ट्यांची योजना असून त्यासाठी माडबन, मिठगवाणे, करेल व निवेली या गावांतील जमीन संपादित करण्यात आली. मच्छीमार व बागायतदार यांनी विरोध केला. १८ एप्रिल २०११ रोजी आंदोलनाच्या वेळी झालेल्या पोलीस गोळीबारात एका तरुणाचा मृत्यू झाला. दुसरा प्रकल्प वार्षिक सहा कोटी टन क्षमतेच्या तेलशुद्धीकरण कारखान्याचा. तो आधी नाणार येथे नियोजित होता. तीव्र विरोधानंतर २०१९ मध्ये तेथील भूसंपादनाची अधिसूचना रद्द झाली. त्यानंतर बारसू-सोलगाव परिसराचे नाव पुढे आले आणि एप्रिल २०२३ मध्ये बारसूच्या सड्यावर माती परीक्षणाविरुद्ध आंदोलन झाले.

या वादांत स्थलांतराचा प्रश्न दोन्ही बाजूंच्या युक्तिवादाच्या मुळाशी आहे. समर्थकांच्या मते मोठा उद्योग आल्याखेरीज तरुण गावी राहणार नाहीत. विरोधकांच्या मते आंबा, काजू व मासेमारी यांवर जगणारे जे थोडे लोक टिकून आहेत, त्यांचीच उपजीविका अशा प्रकल्पांनी जाईल. जमिनीच्या मालकांपैकी अनेक बाहेरगावी राहत असल्याने जमीन विकण्याचा निर्णय व प्रकल्पाचे परिणाम भोगणारी माणसे यांत अंतर पडते. बाहेरील व्यक्तींनी प्रकल्पाची चाहूल लागताच केलेली जमीनखरेदी हाही टीकेचा विषय झाला.

वारसा व पर्यटन

राजापूरजवळ उन्हाळे येथे अर्जुनेच्या काठी गरम पाण्याचा झरा आहे. त्याच्या वरच्या बाजूस ‘राजापूरची गंगा’ हे तीर्थ असून तेथे चौदा कुंडे आहेत. साधारणतः तीन वर्षांनी कुंडांत अचानक पाणी प्रकट होते व काही काळाने नाहीसे होते. हा कालावधी नेहमी सारखा नसतो. भूगर्भातील नैसर्गिक वक्रनलिकेमुळे असे घडत असावे, असा एक तर्क मांडला जातो. गंगा आल्याचे कळताच दूरवरून भाविक येतात. शहरानजीकचे धूतपापेश्वर मंदिर व तालुक्यातील आडिवऱ्याचे महाकाली मंदिर ही अन्य प्रसिद्ध स्थळे आहेत.

तालुक्यातील सड्यांवर मानव, प्राणी व भौमितिक आकृत्यांची प्रागैतिहासिक कातळशिल्पे आढळली आहेत. कशेळी येथील हत्तीची भव्य आकृती विशेष प्रसिद्ध आहे. २०२२ मध्ये कोकणातील कातळशिल्पांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या तात्पुरत्या यादीत समावेश झाला. या यादीतील कशेळी, रुंढेतळी, देवीहसोळ, बारसू व देवाचे गोठणे ही ठिकाणे राजापूर तालुक्यात आहेत. ज्या सड्यांना महसुली दृष्टीने दीर्घकाळ निरुपयोगी मानले गेले, त्यांच्यावरच या भागातील मानवी वस्तीचा सर्वांत जुना पुरावा कोरलेला आहे. त्यांचे संरक्षण मुख्यतः स्थानिक ग्रामस्थांच्या राखणीवर अवलंबून आहे. ती राखण करणारी वस्ती विरळ होत जाणे ही या वारशापुढील मोठी अडचण आहे.